बेट मोठे, सुट्टी छोटी : क्रीटविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रीसमधील क्रीट बेटावर सुट्टी घालवण्याच्या विचारात असलेल्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे प्रश्न निवडले असून, काही पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी, मुलगी, जावई आणि आठ वर्षांचा नातू असे पाच जण मे महिन्याच्या अखेरीस दहा दिवसांसाठी ग्रीसला जाणार आहोत. अथेन्सला तीन दिवस, सान्तोरिनीला तीन दिवस आणि क्रीटला चार दिवस असा बेत आहे. क्रीटमध्ये सामान सारखे हलवायला नको म्हणून हेराक्लिओनला एकाच हॉटेलात राहायचे, पहिल्या दिवशी क्नोसोसचा प्राचीन राजवाडा, दुसऱ्या दिवशी हानिया, तिसऱ्या दिवशी एलाफोनिसीचा किनारा आणि चौथ्या दिवशी वाईचे ताडबन पाहायचे असे ठरवले आहे. यात काही सुधारणा सुचवाल का?

उत्तर : आपण अंतरे नकाशावर पाहिली असावीत, मात्र रस्त्यावर किती तास लागतात हे पाहिलेले दिसत नाही. ‘बेट’ म्हटले की सकाळी निघून दुपारपर्यंत प्रदक्षिणा पूर्ण होईल असे काहीतरी आपल्या मनात येते. क्रीट तसे नाही. सिसिली, सार्डिनिया, सायप्रस आणि कॉर्सिका यांच्यानंतर भूमध्य समुद्रातील हे पाचव्या क्रमांकाचे बेट असून पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 260 किलोमीटर आहे. रुंदी मात्र कुठे 60 तर कुठे अवघी 12 किलोमीटर आहे आणि या चिंचोळ्या पट्टीच्या मधोमध डोंगरांची रांग उभी आहे. प्सिलोरितिस हे सर्वांत उंच शिखर 2,456 मीटरचे, तर पश्चिमेकडील ‘लेफ्का ओरी’ म्हणजे पांढऱ्या पर्वतातील पाख्नेस हे शिखर त्याहून फक्त तीन मीटरने कमी आहे. मे महिन्यात तुम्ही समुद्रात पाय बुडवून उभे असताना त्या शिखरांवर बर्फाचे पट्टे दिसू शकतात. चांगला रुंद रस्ता उत्तर किनाऱ्याने जातो. त्याला सोडून दक्षिणेकडे वळलात की घाट सुरू होतो आणि 40 किलोमीटरला सव्वा तास सहज लागतो.

आता आपला कार्यक्रम या मोजपट्टीवर ठेवून पाहा. हेराक्लिओन ते हानिया हे अंतर सुमारे 140 किलोमीटर, म्हणजे अडीच तासांचे आहे. हेराक्लिओनहून एलाफोनिसीला जायला 200 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूला साडेतीन तास धरावेत, आणि त्यातला शेवटचा भाग पूर्ण वळणांचा आहे. वाई हे ठिकाण क्रीटच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे, तिकडेही जाऊन-येऊन सहा तास मोडतील. चार दिवसांतले तीन दिवस आठ वर्षांच्या मुलाने गाडीच्या मागच्या सीटवर काढावेत, असा हा बेत आहे. सामान हलवण्याचा त्रास वाचवायला गेलात आणि रोज माणसेच हलवण्याची वेळ आली.

माझा सल्ला थोडा कठोर वाटेल, पण तो असा की सान्तोरिनी वगळावे. ते सुंदर आहे यात वाद नाही. मात्र दहा दिवसांत तीन ठिकाणे म्हणजे दोन पूर्ण दिवस बंदर, विमानतळ आणि हॉटेलच्या खोलीची वाट पाहणे यांत जातात. अथेन्सला दोन रात्री द्याव्यात आणि उरलेल्या सर्व रात्री क्रीटला. त्यातही बेटाचा एकच अर्धा भाग निवडावा. आपल्यासारख्या कुटुंबाला मी पश्चिमेचा अर्धा भाग सुचवीन. विमानाने हानियाला उतरावे, तेथे चार रात्री राहावे, मग हेराक्लिओनला तीन रात्री राहून तेथूनच परतीचे विमान पकडावे. या दोन्ही शहरांचे विमानतळ अथेन्सशी वर्षभर जोडलेले आहेत, त्यामुळे आल्या वाटेने मागे फिरण्याची गरज पडत नाही. एका शहरात घेतलेली भाड्याची गाडी दुसऱ्या शहरात परत देता येते. त्यासाठी थोडे जादा पैसे पडतात, पण अडीच तासांची परतफेरी वाचते.

(रोमन लिपीतील स्पेलिंगवरून बरेच जण ‘चानिया’ म्हणतात. स्थानिक लोक ‘हानिया’ म्हणतात, आणि बसस्थानकावर विचारताना हाच उच्चार कामी येतो.)

हानियाचा पहिला दिवस मोकळा ठेवावा. जुने बंदर व्हेनिसच्या राजवटीतले आहे. तेराव्या शतकाच्या आरंभापासून 1669 पर्यंत हे बेट व्हेनिसकडे होते, नंतर ते तुर्कांकडे गेले आणि 1913 मध्ये ग्रीसमध्ये विलीन झाले. ही सगळी पाने त्या बंदरावर एकाच नजरेत उघडतात. अर्धवर्तुळाकार धक्क्याभोवती व्हेनेशियन घरे, पाण्याला लागून घुमटांची तुर्की मशीद आणि पलीकडे दीपगृह. नातवाला दीपगृहापर्यंतच्या लांब बांधावरून चालत नेले की संध्याकाळ सार्थकी लागली. दुसऱ्या दिवशी एलाफोनिसी : हानियाहून ते सुमारे 75 किलोमीटर आहे. गुडघाभर उथळ, कोमट पाणी आणि शंखशिंपल्यांच्या चुऱ्यामुळे कडेकडेने गुलाबी दिसणारी वाळू असल्यामुळे लहान मुलांना तो किनारा फार मानवतो. मात्र सकाळी नऊच्या आत पोचावे. अकरानंतर तेथे वाळूपेक्षा छत्र्याच अधिक दिसतात. तिसरा दिवस जवळच्या एखाद्या किनाऱ्यावर काढावा. कार्यक्रमात काहीच नसलेला एक दिवस कार्यक्रमातच लिहून ठेवावा लागतो, नाहीतर तो कोणीतरी हमखास भरून टाकतो.

हेराक्लिओनकडे जाताना रेथिम्नो वाटेतच लागते. तेथे जेवण करून समुद्राकाठचा व्हेनेशियन किल्ला पाहावा आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचावे. वाई या खेपेस राहू द्यावे.

प्रश्न : क्नोसोसचा राजवाडा पाहून आलेल्या एका परिचितांनी ‘सगळे सिमेंटचे आहे, पैसे फुकट गेले’ असे सांगितले. ते खरे आहे का? आणि राजवाडा आधी पाहावा की संग्रहालय?

उत्तर : आपल्या परिचितांनी पाहिले ते बरोबर, पण निष्कर्ष घाईने काढला. या जागेवर पहिले उत्खनन 1878 मध्ये मिनोस कालोकेरिनोस या हेराक्लिओनच्याच रहिवाशाने केले. व्यापक उत्खनन मात्र 1900 पासून इंग्रज पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी केले. त्यांनी केवळ खोदून न थांबता खांब, जिने आणि मजले आपल्या कल्पनेप्रमाणे पुन्हा उभे केले आणि त्यासाठी मुक्तहस्ते काँक्रीट वापरले. लाल रंगाचे, खाली निमुळते होत जाणारे जे खांब प्रत्येक छायाचित्रात दिसतात, ते विसाव्या शतकातले आहेत. भिंतींवरची चित्रेही प्रतिकृती आहेत, आणि त्यांतल्या काहींत तर मूळ तुकडे मूठभर असून उरलेले चित्र चित्रकारांनी भरले आहे. पुरातत्त्वज्ञ या कामावर आजही टीका करतात आणि ती योग्यच आहे. पण सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इमारतीत प्रकाश वरून कसा येत असे, जिना किती मजले उतरत असे, हे सामान्य माणसाला तेथे उभे राहिल्यावर कळते. केवळ पायाच्या दगडांकडे पाहून ते कळत नाही.

म्हणून माझा क्रम असा : आधी हेराक्लिओनचे पुरातत्त्व संग्रहालय, निदान अडीच तास. बैलावरून कोलांटी घेणाऱ्या तरुणाचे भित्तिचित्र, दोन्ही हातांत साप धरलेली मूर्ती, 1908 मध्ये सापडलेली आणि अजूनही कोणाला निर्विवादपणे वाचता न आलेली फेस्तोसची मातीची तबकडी, हे सारे मूळ स्वरूपात तेथे आहे. दुसऱ्या दिवशी, द्वार उघडतानाच, शहरापासून पाच किलोमीटरवर असलेल्या क्नोसोसला जावे. आवारात सावली फार कमी आहे. तिकीट आदल्या दिवशीच अधिकृत संकेतस्थळावरून काढावे.

आणि खरोखरच ‘न सजवलेले’ काही पाहायचे असेल तर दक्षिणेकडे साठेक किलोमीटरवर फेस्तोस आहे. तेथील इटालियन उत्खननकर्त्यांनी पुनर्बांधणीचा मोह टाळला. टेकडीवर मोकळे अंगण, रुंद पायऱ्या, खाली मेसारा मैदानातील ऑलिव्हची झाडे आणि बहुतेक वेळा जेमतेम वीस-पंचवीस माणसे. 2025 मध्ये युनेस्कोने क्रीटमधील मिनोअन (म्हणजे बेटावरच्या कांस्ययुगीन संस्कृतीच्या) काळातील सहा राजवाडा-केंद्रे जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांत क्नोसोसबरोबर फेस्तोसही आहे. मला दोन्हींपैकी एकच निवडायला सांगितले तर मी फेस्तोस निवडीन, पण तेही क्नोसोस पाहिलेले असल्यामुळेच.

प्रश्न : कोणता महिना उत्तम? आम्हाला समुद्रात पोहायचे आहे आणि गर्दी नको आहे.

उत्तर : सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरचे पहिले दहा-बारा दिवस. उन्हाळाभर तापलेला समुद्र सावकाश थंड होतो, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये पाणी मे महिन्यापेक्षा उबदार असते, हे अनेकांना ठाऊक नसते. मे महिन्यात डोंगर फुलांनी भरलेले असतात, हवा चालण्यास उत्तम असते, पण पाण्यात शिरताना अंगावर काटा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. त्याने उकाडा सुसह्य होतो, मात्र उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात आणि वेगवान बोटी रद्द होतात. अशा दिवशी डोंगराच्या आडोशाचा दक्षिण किनारा पुष्कळदा शांत असतो, पण काही दऱ्यांतून वारा तिकडेही जोराने खाली उतरतो. 15 ऑगस्ट हा मेरीच्या महानिर्वाणाचा सण ग्रीक लोकांचा मोठा सुट्टीचा दिवस आहे. त्याच्या आगेमागे खोली, गाडी आणि बोट या तिन्ही गोष्टी ऐनवेळी मिळणार नाहीत. नोव्हेंबर ते मार्च या काळात पाऊस असतो आणि किनाऱ्यावरची बहुतेक हॉटेले बंद असतात.

वसंतात जाणार असाल तर ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख पाहून घ्यावी. ती 2026 मध्ये 12 एप्रिलला आणि 2027 मध्ये 2 मे रोजी आहे. त्या आठवड्यात गावोगावचे विधी पाहण्याजोगे असतात, पण दुकाने आणि बसगाड्या यांवर विसंबू नये.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी की बसने फिरता येईल? उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय नाही.

उत्तर : उत्तर किनाऱ्यावरची शहरेच पाहायची असतील तर गाडीची गरज नाही. ‘क्तेल’ या सहकारी बससेवेच्या गाड्या हानिया, रेथिम्नो, हेराक्लिओन आणि आगिओस निकोलाओस यांच्यामध्ये दिवसभर वारंवार धावतात, स्वच्छ असतात आणि बहुधा वेळेवर सुटतात. दक्षिणेकडे मात्र दिवसाला दोन-तीन फेऱ्या असतात. शेवटची चुकली की मुक्काम तेथेच पडतो.

गाडी घेणार असाल तर आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही न्यावा. भारतीय परवानाधारकांना तो आवश्यक आहे आणि तो निघण्यापूर्वी मायदेशातच काढावा लागतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या थोड्या आणि महाग असतात, तेव्हा त्या काही महिने आधी राखून ठेवाव्यात. उत्तरेच्या महामार्गावर एक अलिखित रीत आहे. मागून वेगाने गाडी आली की पुढची गाडी उजवीकडे सरकून, अर्धी कडेच्या पट्टीवर जाऊन, वाट देते. हे पाहून दचकू नये आणि मागच्याशी ईर्षाही करू नये. पहिल्या दिवशी, रात्रीच्या विमानाने उतरून, लगेच अंधारात घाट चढायला घेऊ नये. तो रात्रीचा मुक्काम विमानतळाजवळ करावा.

विम्याचा कागद वाचण्याचा आळस करू नये. ‘संपूर्ण संरक्षण’ असे लिहिलेले असले तरी टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात येतो की नाही हे स्वतंत्रपणे विचारावे, आणि कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान तर बहुधा येतच नाही. बालोसच्या खाडीकडे जाणारा शेवटचा रस्ता नेमका खड्ड्यांचा आणि कच्चा आहे. त्या एका दिवसासाठी किसामोसच्या बंदरातून सुटणारी बोट घेणे शहाणपणाचे.

प्रश्न : माझे वय 63 आहे. रोज पाच किलोमीटर चालतो. समारियाची दरी उतरणे मला झेपेल का?

उत्तर : रोजच्या सपाट पाच किलोमीटरांवरून या दरीचा अंदाज करू नये. सुरुवातीचे ‘क्सिलोस्कालो’ हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सव्वाबाराशे मीटरच्या आसपास आहे आणि शेवट थेट लिबियन समुद्राच्या काठी, आगिया रुमेली गावात होतो. एकूण 16 किलोमीटर चालण्यास पाच ते सात तास लागतात. बहुतेकांची दमछाक चढाने होते. येथे मात्र सगळी वाट उताराची आहे, आणि उतारात दम लागत नसला तरी गुडघे आणि पायांची बोटे पुरती सोलवटून निघतात. पहिल्या काही किलोमीटरमध्येच बराचसा उतार उतरावा लागतो. पुढे नदीच्या पात्रातले गोटे येतात. मध्येच थकलात तर बाहेर पडण्याची दुसरी वाट नाही. पुढे जायचे किंवा आल्या वाटेने तितकेच चढायचे. गुडघ्यांची तक्रार नसेल, घोटा धरून ठेवणारे, आधीच वापरून मऊ झालेले बूट असतील आणि निघण्यापूर्वी दोन-तीन महिने जिन्यांचा सराव केला असेल तर 63 हे वय अडचणीचे नाही. याहून वयस्कर माणसे तेथे रोज दिसतात.

दरी साधारण मे ते ऑक्टोबर या काळातच खुली असते, आणि पाऊस किंवा अतितापमानाचा इशारा असेल तर त्या दिवसापुरती बंद ठेवतात. मी एका ऑक्टोबरमध्ये पहाटे पाचला उठून बसस्थानकावर गेलो, तेव्हा रात्रीच्या पावसामुळे दरी बंद असल्याचे तेथे समजले. आदल्या संध्याकाळी एक दूरध्वनी केला असता तर झोप तरी झाली असती. आगिया रुमेलीला रस्ताच नाही. तेथून संध्याकाळच्या बोटीने सूगिया किंवा होरा स्फाकिओनला यायचे आणि पुढे बसने हानियाला. म्हणून स्वतःची गाडी वर उभी करून येणे सोयीचे नसते. येथे बसच बरी.

शंका असेल तर एक सोपा मार्ग आहे. होरा स्फाकिओनहून सकाळच्या बोटीने आगिया रुमेलीला जावे आणि दरीत खालच्या टोकाने शिरावे. ‘पोर्तेस’ नावाची जागा, जेथे दोन्ही बाजूंचे सरळसोट कडे अवघ्या तीन-चार मीटरपर्यंत जवळ येतात, ती याच टोकाकडे आहे. तिथपर्यंत जाऊन परतले तरी दरीतले सर्वांत थरारक दृश्य पदरात पडते. नशीब असेल तर ‘क्री-क्री’ हा तेथील रानबोकडही दिसतो.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. दहा दिवस पावावर काढावे लागतील का?

उत्तर : नाही. युरोपातील फार थोड्या प्रदेशांत शाकाहाऱ्यांची इतकी सोय होते. ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत उपवासाचे दिवस पुष्कळ असतात आणि त्या दिवशी मांस, अंडी, दूध वर्ज्य असते. उपवासाला चालणाऱ्या पदार्थांना ‘निस्तिसिमो’ म्हणतात. हा शब्द पाठ करावा, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, कारण या उपवासाला कालव, ऑक्टोपस चालतात. त्यामुळे जोडीला ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी, होरिस थालासिना, होरिस अव्गो’, म्हणजे मांस, मासे, कालवांसारखे समुद्री जीव, अंडे नको, एवढे म्हणावे.

उपाहारगृहातील पदार्थांच्या यादीत ‘लादेरा’ या शीर्षकाखाली ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या असतात. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, वर तेल आणि लिंबू. ‘यिगांतेस’ म्हणजे टोमॅटोच्या रसातले मोठे पांढरे घेवडे, ‘फावा’ म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वाटण. ‘दाकोस’ हा क्रीटचा खास पदार्थ : जवाच्या कडक भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो, मऊ चीज आणि भरपूर तेल. हानियाकडची ‘बुरेकी’, म्हणजे बटाटा, झुकिनी, चीज आणि पुदिना यांचे थर, माझ्या मते या बेटावरचा सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ आहे. तिच्या काही प्रकारांत अंडे असते, म्हणून आधी विचारावे. ‘येमिस्ता’ (भरलेल्या भाज्या) आणि ‘दोल्मादाकिया’ (द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या) यांत भाताबरोबर कधी खिमाही भरतात, तेव्हा तेथेही विचारणे भाग आहे. चीज घट्ट करताना परंपरेने प्राणिज रेनेट, म्हणजे जनावराच्या जठरातून काढलेला दूध गोठवणारा पदार्थ, वापरतात. ज्यांचा याबाबत कटाक्ष आहे त्यांनी चीज टाळावे. जेवणानंतर न मागता फळे किंवा गोड पदार्थ आणि ‘राकी’ या मद्याची छोटी सुरई टेबलावर येते. तिचे पैसे लागत नाहीत आणि ती प्यायलीच पाहिजे असेही नाही.

प्रश्न : व्हिसा आणि इतर खर्चांबाबत थोडक्यात सांगावे.

उत्तर : भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामायिक व्हिसा, लागतो. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 45 युरो आहे आणि सेवाकेंद्राचे शुल्क निराळे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने पंधरा दिवस आधीपर्यंत मुभा असली तरी दोन महिने आधी करणे इष्ट. ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा बंधनकारक आहे.

हॉटेलच्या आगाऊ भरलेल्या रकमेत एक गोष्ट बहुधा धरलेली नसते. ग्रीस सरकार हवामान-संकटांसाठी प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्रीचा एक कर आकारते आणि तो हॉटेलच्या काउंटरवर भरावा लागतो. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तीन तारांकित हॉटेलात 5, चार तारांकित हॉटेलात 10 आणि पाच तारांकित हॉटेलात 15 युरो असा दर आहे. दोन खोल्या, सात रात्री, चार तारांकित हॉटेल म्हणजे 140 युरो होतात. ते बाजूला काढून ठेवावेत.

प्रश्न : अथेन्सहून विमानाऐवजी बोटीने जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे, आणि विशेषतः मुले बरोबर असतील तर. पिरेअस बंदरातून हेराक्लिओन आणि हानियासाठी रात्री मोठी जहाजे सुटतात व सुमारे आठ-नऊ तासांत पहाटे पोचतात. केबिन घेतली की एका रात्रीचे हॉटेलभाडे वाचते आणि सामानाच्या वजनाची चिंता राहत नाही. हानियाची बोट शहरात न लागता सात किलोमीटरवरच्या सूदा बंदरात लागते. पिरेअसचे बंदर फार मोठे आहे. तिकिटावर प्रवेशद्वाराचा क्रमांक पाहून ठेवावा आणि तासभर आधी पोचावे, कारण चुकीच्या दारापाशी टॅक्सी सोडली तर सामान ओढत अर्धा तास चालावे लागते.